शाळेच्या बास्केटबॉल टीमला नवी हेड कोच : भिंतीवर नाव आहे, अनुभव नाही. विरोधाच्या अर्जावर सही करू का?

रानमेवा | २१ मे

एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. हा विषय माझ्या प्रांतातला नाही, पण घरात दोन दिवस यावरून खडाजंगी चालू आहे म्हणून विचारते.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. लेक नववीत आहे, यंदा फ्रेशमन टीममधून बास्केटबॉल खेळली. पुढच्या हिवाळ्यात जेव्हीला, म्हणजे मुख्य टीमच्या खालच्या फळीला, निवड होईल अशी आशा लावून बसली आहे. मुलींच्या व्हर्सिटीचे, म्हणजे मुख्य टीमचे, कोच १९ वर्षांनी निवृत्त झाले आणि त्या जागेसाठी दोन नावं पुढे आली. एक जेव्हीचे कोच. शाळेत गणित शिकवतात, ११ वर्षं जेव्ही त्यांच्याकडे आहे. दुसरी एक २७ वर्षांची मुलगी, याच शाळेची माजी खेळाडू. जिमच्या भिंतीवर हजार पॉइंट करणाऱ्यांची नावं आहेत, त्यात सगळ्यात वर हिचं. नंतर कॉलेजात डिव्हिजन थ्रीला (कॉलेज खेळांचा तिसरा स्तर) चार वर्षं खेळली. सध्या शेजारच्या गावात मिडल स्कूलला पीई (शारीरिक शिक्षण) शिकवते आणि तिथल्या टीमला दोन वर्षं असिस्टंट आहे. हेड कोच म्हणून एक मॅचसुद्धा नाही.

अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने (शाळेतल्या खेळांचा प्रमुख) शिफारस हिची केली. शाळा बोर्डाच्या जूनच्या मीटिंगला मतदान आहे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्ज फिरतोय, "अनुभवी उमेदवारालाच नेमावे". नवरा म्हणतो सही कर, इतकी वर्षं राबलेल्या माणसाला डावललं आहे. लेक म्हणते सही केलीस तर मी जिममध्ये पाऊल ठेवणार नाही. मला बास्केटबॉलमधलं फक्त एवढं कळतं की बॉल वरच्या जाळीतून खाली पडायला हवा. तुम्ही काय कराल?

कोपऱ्यातला | २१ मे

यात विचारण्यासारखं काय आहे? उत्तम खेळाडू म्हणजे उत्तम कोच हे समीकरण कुणी मांडलं? सचिन तेंडुलकरच्या कप्तानीत २५ कसोटी झाल्या, जिंकल्या ४. त्याच्या खेळाबद्दल कुणाची बोट दाखवायची टाप आहे का? आणि त्याला घडवणारे आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. एकच. शिवाजी पार्कवर भिंतीबिंतीवर नाव नव्हतं त्यांचं.

सही करा आणि मोकळ्या व्हा.

डब्बल_चहा | २१ मे

कोपऱ्यातला, आचरेकर सरांचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येतं. शिकवायला सुरुवात केली त्या दिवशी त्यांच्याकडे तरी कुठला अनुभव होता?

रानमेवा, एक माहिती. आमच्याकडे टेक्ससमध्ये हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. सरकारी शाळेचा कोच त्या डिस्ट्रिक्टचा पूर्णवेळ कर्मचारी असावा लागतो, त्यामुळे बाहेरचा माजी खेळाडू संध्याकाळी येऊन कोचिंग करून गेला असं होत नाही. तुमच्याकडे बहुधा शिक्षकाचं, निदान सबस्टिट्यूट शिक्षकाचं सर्टिफिकेट लागतं. ही शिक्षिकाच आहे म्हणजे ती अडचण नाही. आमच्या शाळेत मुलींचे कोच स्वतः बसचं लायसन्स काढून बस चालवतात. मॅच हरल्यावर रात्री दहाला २२ रुसलेल्या मुली घेऊन ७० मैल गाडी हाकायची. हे कॉलेजात शिकवत नाहीत.

हिवाळी_पाऊस | २२ मे

सिएटलहून हजेरी. आमच्या गावचा किस्सा या धाग्याला फिट्ट बसतो.

ब्रँडन रॉय नावाचा खेळाडू इथल्या गारफिल्ड हायस्कूलचा. पुढे एनबीएत पोर्टलँडकडून खेळला, २००७ चा रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदित. गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याचं खेळणं फार लवकर संपलं. २०१६ मध्ये नेथन हेल या इथल्याच शाळेने त्याला हेड कोच केलं. कोचिंगचा अनुभव शून्य. टीमची आदल्या वर्षीची कामगिरी ३ विजय, १८ पराभव. त्याच्या पहिल्याच वर्षी २९ पैकी २९ जिंकल्या, राज्य अजिंक्यपद मिळालं, फायनलला हरवलं ते त्याच्याच गारफिल्डला. देशातला सर्वोत्तम हायस्कूल कोच म्हणून नेस्मिथ पुरस्कारही मिळाला. पुढच्या वर्षी गारफिल्डनेच त्याला बोलावून घेतलं आणि तिथेही अजिंक्यपद.

कोपऱ्यातला | २२ मे

आणि त्याच वर्षी मायकल पोर्टर ज्युनियर नावाचा, देशातल्या पहिल्या दोन-तीन क्रमांकांतला मुलगा हेलमध्ये दाखल झाला, हे सांगायचं राहिलं वाटतं. त्याच्या वडिलांना वॉशिंग्टन विद्यापीठात असिस्टंट कोचची नोकरी लागली म्हणून कुटुंब मिसूरीहून सिएटलला आलं. असला मुलगा दारात उभा राहिला तर आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा कोच ऑफ द इयर होईल.

हिवाळी_पाऊस | २२ मे

राहिलं नव्हतं, तेच पुढे लिहिणार होते, तुम्ही घाई केलीत. :) मलाही तेच म्हणायचं आहे. पोर्टर आल्यावर त्याच्यासोबत खेळायला आणखी मुलं आली. नावाचा फायदा हा असा होतो, नाव असलं की मुलं येतात. रानमेवांच्या गावात मात्र बाहेरून कुणी येणार नाही, गावातल्याच मुली असतील. त्यामुळे रॉयचं उदाहरण ऐकायला गोड आहे, पण तुमच्या कामाचं नाही.

एक गोष्ट मात्र तपासा. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याचा कायदा सगळ्यात आधी आमच्या राज्यात झाला, २००९ मध्ये, झॅकरी लिस्टेट नावाच्या मुलाच्या दुखापतीनंतर. आता सगळीकडे आहे. कोचला कंकशनचं, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का ओळखण्याचं, प्रशिक्षण घ्यावं लागतं. एकदा सर्टिफिकेट छापलं की झालं, असं समजणारे कोच असतात. माझ्या पुतण्याच्या बाबतीत अनुभव वाईट आहे, शाळेचं नाव लिहीत नाही. मुलगा पडला, उठला, कोचने "बरा आहेस ना?" विचारलं, तो हो म्हणाला, परत खेळला. रात्री उलट्या. तो कोच १४ वर्षांचा अनुभवी होता.

मेम्फिसकर | २२ मे

रॉयचं निघालंच आहे तर पेनी हार्डवेचं सांगतो. आमच्या शहराचा लाडका. ऑरलँडो मॅजिकमध्ये शकील ओनीलच्या जोडीला खेळायचा तो.

याचं वेगळं आहे ते असं की तो थेट हेड कोचच्या खुर्चीत जाऊन बसला नाही. त्याचा बालमित्र डेझमंड मेरीवेदर इथल्या लेस्टर मिडल स्कूलचा कोच होता. मित्राला कॅन्सर झाला, टीम अर्ध्यावर, म्हणून २०११ च्या सुमारास हा मदतीला गेला. एनबीएचा ऑल-स्टार, आणि सातवी-आठवीच्या पोरांना पायाची ठेवण शिकवतोय! पुढे दोघं ईस्ट हायस्कूलला आले. मेरीवेदर २०१५ मध्ये वारला, मग पेनी हेड कोच झाला. २०१६, १७, १८, सलग तीन राज्य अजिंक्यपदं. तिथून थेट मेम्फिस विद्यापीठ.

आता दुसरी बाजू. २०१७ मध्ये जेम्स वाइजमन नावाच्या मुलाचं कुटुंब नॅशव्हिलहून मेम्फिसला आलं तेव्हा सामान हलवायला पेनीने ११,५०० डॉलर दिले. मुलगा ईस्टला खेळला. राज्य संघटनेने त्याला अपात्र ठरवलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि तो खेळला. पुढे तोच मुलगा मेम्फिस विद्यापीठात आल्यावर एनसीएएने (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) ते जुने पैसे उकरून काढले, १२ सामन्यांची बंदी. पेनीने २००८ मध्ये विद्यापीठाला १० लाख डॉलर देणगी दिली होती, त्यामुळे त्यांच्या हिशोबी तो विद्यापीठाचा 'बूस्टर', म्हणजे संघाचा आश्रयदाता, ठरला. गावातला मोठा माणूस अडलेल्याला मदत करतो, तशीच त्याने केली असेल. पण एकदा कोच म्हटलं की खिशात हात घालण्याआधी नियमांचं पुस्तक उघडावं लागतं. खेळाडूला ते कधी उघडावं लागलेलं नसतं.

निवांत_वाचक | २३ मे

वाचतोय. एनबीएच्या लोकांची उदाहरणं देऊन गल्लीतल्या शाळेचा निर्णय लागेल असं वाटत नाही, पण मजा येतेय.

शिट्टी_मास्तर | २३ मे

पेनसिल्व्हेनियात ९ वर्षं हायस्कूलच्या मॅचना शिट्टी वाजवतो. नवीन कोच समोर आला की मला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. खेळावरून नाही, टेबलावरून.

एक. मॅच सुरू व्हायच्या १० मिनिटं आधी खेळाडूंची यादी स्कोअरबुकात नंबरांसकट लिहून द्यावी लागते. पुस्तकात २३ आणि अंगावर ३२, तर टेक्निकल फाउल, म्हणजे धक्काबुक्कीचा नव्हे तर नियम मोडल्याचा फाउल. मॅच सुरू होण्याआधी समोरच्यांना फुकट फ्री थ्रो! माजी खेळाडू असलेल्या नव्या कोचांकडून हे हमखास होतं, कारण त्यांच्या वेळी हे काम दुसरंच कुणी करत होतं.

दोन, टाइमआउट. एका मॅचमध्ये पाच मिळतात, तीन पूर्ण आणि दोन छोटे. खेळाडूला समोरची टीम पाच-सहा पॉइंट सलग घेतेय हे सहन होत नाही, तो लगेच टाइमआउट मागतो. तिसऱ्या क्वार्टरलाच झोळी रिकामी. मग शेवटच्या मिनिटाला सवयीने परत मागतो, आम्ही देतो, आणि त्याच्या पाठोपाठ टेक्निकलही देतो. मोठमोठ्यांचं होतं हे. एनबीएचा खेळाडू जेसन किड निवृत्त झाला आणि दहा दिवसांच्या आत, जून २०१३ मध्ये, एनबीएच्याच नेट्स टीमचा हेड कोच झाला. त्याच नोव्हेंबरात टाइमआउट संपले तेव्हा स्वतःच्याच खेळाडूचा धक्का लागल्यासारखं करून हातातलं पेय कोर्टवर सांडलं. पुसेपर्यंत खेळ थांबला, ह्याने तेवढ्यात प्ले आखून घेतला. ५०,००० डॉलर दंड झाला. अक्कल बघा पण, त्यातही खेळाडूचीच!

तीन, आमच्याशी भांडण. खेळताना रेफरीवर डोळे वटारले तरी फार तर कोच ओरडतो. कोचने वटारले की त्याच्या १२ मुली वटारतात आणि मागचं अख्खं स्टँड.

यातलं काहीच अवघड नाही. एका सीझनमध्ये शिकतात. प्रश्न एवढाच की त्या सीझनला बाकावर शेजारी कोण बसलेलं आहे. ज्या नव्या कोचच्या शेजारी मुरलेला असिस्टंट असतो तिथे मला यातलं काही दिसत नाही.

अवांतर: बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ कॅन्ससचा कोच होता, ५५ विजय ६० पराभव. त्या विद्यापीठाच्या इतिहासात हरण्याचं पारडं जड असलेला तो एकटाच कोच. खेळ शोधून काढला तरी कोचिंग जमेलच असं नाही. :)

नागपुरी_तडका | २३ मे

हे नेस्मिथचं भारी आहे बाप्पा!

मी विद्यापीठाकडून खेळलो, आता इथे नागपुरात संध्याकाळी पोरांना शिकवतो. माझ्या स्वतःच्या फजितीचं सांगतो. माझा डावा ड्राइव्ह, म्हणजे डावीकडून बॉल घेऊन बास्केटकडे घुसणं, चांगला होता. पहिल्या दिवशी एक पोट्टा म्हणाला, "सर, डावीकडून कसं जायचं?" मी करून दाखवलं. तो म्हणाला "परत". परत दाखवलं. पाचव्यांदा तो म्हणाला, "सर तुम्ही करता ते दिसते, पण करता काय?" माझ्यापाशी उत्तरच नव्हतं. मला येत होतं, पण मी कधी शिकलोच नव्हतो, ते माझ्या अंगात लहानपणी घुसलं होतं. घरी जाऊन आरशासमोर पाऊल मोजलं. खांदा आधी जातो की पाय, हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं.

आमच्या सरांना, ते पटियाळ्याचा एनआयएसचा डिप्लोमा केलेले, धड उडी मारता येत नसे. पण ते आधी पाऊल, मग खांदा, मग नजर, असं तीन तुकड्यांत सांगत. तीन तुकड्यांत सांगता आलं तरच पोरांना येते.

म्हणून त्या बाईला विचारा, मिडल स्कूलच्या पोरींना ती लेअप (धावत जाऊन जाळीजवळून बॉल टाकणं) कसा शिकवते? करून दाखवते की तोडून सांगते? दोन वर्षं तिनं बारक्या पोरींसोबत काढली असतील तर मला ती चार वर्षं डिव्हिजन थ्री खेळली त्यापेक्षा ह्या दोन वर्षांची किंमत जास्त वाटते. बारक्या पोरींना शिकवणं सगळ्यात कठीण, त्यांना तुमचं भिंतीवरचं नाव माहीतच नसते.

अंजिरी | २४ मे

इतका वेळ सगळे त्या मुलीबद्दल बोलताय. मी त्या गणिताच्या सरांबद्दल बोलते.

मी जर्सी सिटीत १६ वर्षं शिक्षिका होते. शाळेतली कोचिंगची जागा म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही. स्टायपेंड काही हजार डॉलर, तेही अख्ख्या सीझनचे. रोजचा सराव, आठवड्याला दोन मॅच, उन्हाळ्यातली लीग, सगळ्याचे तास मोजले तर दुकानात काउंटरवर उभं राहिलेलं परवडेल. तरी माणसं ११ वर्षं जेव्हीला का राहतात? कारण मुलं. जेव्हीच्या मॅचला स्टँडमध्ये १५ पालक असतात, स्थानिक पेपरात नाव येत नाही, आणि तयार झालेली चांगली पोरगी पुढच्या वर्षी वरच्या टीममध्ये जाते, कौतुक वरच्या कोचचं. त्याच्या मनात कधीतरी आपला नंबर लागेल असं आलं असेल तर त्यात गैर काय?

आणि खेळाडू नसलेल्यांनी काय केलं बघा. आमच्याच गावचे बॉब हर्ली, सेंट अँथनीचे. दिवसा प्रोबेशन ऑफिसर, संध्याकाळी कोच. शाळेला स्वतःची जिमसुद्धा नव्हती. २०१० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. शाळा २०१७ मध्ये पैशांअभावी बंद पडली, त्याचं दुःख आजही गावात आहे. मेरीलँडचे मॉर्गन वुटन डिमॅथा शाळेत इतिहास शिकवायचे, १,२७४ विजय. यांतल्या कुणाचंही एनबीएत नाव नव्हतं.

नागपुरी_तडका | २४ मे

अंजिरीताई, मान्य. पण जॉन वुडन पर्ड्यूचा देशपातळीवरचा खेळाडू होता आणि सरळ कॉलेजातून केंटकीच्या डेटन हायस्कूलला १९३२ मध्ये कोच झाला. इंग्रजीही शिकवायचा. पहिल्या वर्षी ६ विजय, ११ पराभव. त्या साली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असता तर काढूनच टाकला असता बिचाऱ्याला. पुढे यूसीएलएला त्यानं १० राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली.

कोपऱ्यातला | २४ मे

मुद्दा असा की शाळेने प्रयोग दुसऱ्यांच्या पोरींवर का करायचा? बारावीतल्या मुलीला शेवटचं एकच वर्ष असतं. तिला "मॅडम शिकतायत, दोन वर्षांत बरं होईल" हे सांगून काय उपयोग?

अंजिरी | २४ मे

हे मात्र बरोबर बोललात. आज पहिल्यांदा.

डब्बल_चहा | २४ मे

बारावीतल्या मुलीचं पटतं. पण मग नवीन कोच तयार तरी कुठे व्हायचे? आपल्या सगळ्यांच्या पहिल्या नोकरीत कुणाचं ना कुणाचं नुकसान झालेलंच आहे. माझ्या पहिल्या महिन्यात मी एका बँकेचा डेटा उडवला होता. बॅकअप होता म्हणून आज इथे लिहितोय.

वॉशिंग_पावडर | २४ मे

एक विचारू? २७ वर्षांचा माजी खेळाडू मुलगा मुलांच्या टीमला कोच म्हणून आला असता तर अर्ज फिरला असता का? की "तरुण रक्त, जोश" म्हणून केक कापला असता?

कोपऱ्यातला | २४ मे

आलं! मला वाटलंच होतं दुसऱ्या पानापर्यंत येईल.

वॉशिंग_पावडर | २४ मे

आलं म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही.

रानमेवा | २५ मे

बापरे, मला वाटलं चार प्रतिसाद येतील. सगळ्यांचे आभार. वॉशिंग_पावडर, तुमचा प्रश्न मी नवऱ्याला विचारला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की दोन वर्षांपूर्वी मुलांच्या बेसबॉलला असाच तरुण माजी खेळाडू घेतला तेव्हा त्याने स्वतः "चांगलं झालं" म्हटलं होतं. सहीचा विषय तिथे थांबला.

पण नुसती सही न करणं म्हणजेही काही केलं असं वाटत नाही. मीटिंगला लोकांना बोलायला वेळ देतात. मी काय विचारू?

शिट्टी_मास्तर | २५ मे

व्यक्तीबद्दल एक अक्षर बोलू नका. बोर्ड नेमणुकीच्या माणसाबद्दल जाहीर चर्चा करणार नाही, तुम्हालाच थांबवतील. डायरेक्टरला व्यवस्थेचं विचारा. पहिल्या वर्षी असिस्टंट कोण? सराव बघायला डायरेक्टर स्वतः कधी येणार? प्लेइंग टाइमवरून पालक भांडायला आले तर ते आधी कुणाकडे जाणार? या शेवटच्याचं उत्तर "कोचकडे" असं आलं तर तुमची कोच फेब्रुवारीपर्यंत टिकणार नाही. २७ वर्षांच्या मुलीला ५० वर्षांचे बाप पार्किंग लॉटमध्ये गाठतात, मी बघितलंय. अनुभवी कोचला ते गाठायला घाबरतात, फरक इतकाच.

मेम्फिसकर | २५ मे

आणि तीन वर्षांचा करार देतात का तेही. इथे बहुतेक ठिकाणी कोचिंगची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. पहिल्या वर्षी हरली की दुसऱ्या वर्षी जागेची जाहिरात परत.

नागपुरी_तडका | २५ मे

अन् ते लेअपचं विसरू नका.

रानमेवा | १९ जून

मीटिंग झाली. नेमणूक मंजूर, विरोधात एक मत. अर्जावर ४० च्या वर सह्या होत्या, पण प्रत्यक्ष बोलायला दोघंच उठले, तिसरी मी. हात थरथरत होते. असिस्टंट कोण आणि पालकांच्या तक्रारी कुणाकडे, एवढंच विचारलं. डायरेक्टर म्हणाले, तक्रार मॅचनंतर २४ तास कुणीच करायची नाही, मग त्यांच्या ऑफिसात, कोच आणि ते दोघं असताना. असिस्टंटबद्दल "बोलणी चालू आहेत".

बाहेर आल्यावर ते गणिताचे सर दारात भेटले. मला वाटलं माझ्यावर चिडले असतील. म्हणाले, "चांगला प्रश्न होता. उत्तर मलाही ऐकायचं होतं." म्हणजे बोलणी त्यांच्याशीच चालू होती! आणि अर्ज कुणी काढला हे त्यांना माहीतच नव्हतं, त्यांचं नाव पुढे करून लोकांनी परस्पर सुरू केलेलं. त्यांना ते अजिबात आवडलेलं नाही.

अंजिरी | १९ जून

त्या सरांनी हो म्हणू नये असं माझं एक मन म्हणतं. ११ वर्षं राबायचं आणि मग डावललेल्या जागीच दुसऱ्याला मदत करायची? पण शिक्षिकेचं मन म्हणतं की ते हो म्हणतील. कळवा.

रानमेवा | १० डिसेंबर

धागा वर काढते. थँक्सगिव्हिंगच्या आसपास ट्रायआउट झाले. लेक जेव्हीला निवडली गेली. :)

पण सांगायचं दुसरंच आहे. आधीच्या कोचच्या काळात निवडलेल्यांची यादी दारावर चिकटवायचे आणि पोरी तिथेच सगळ्यांसमोर रडायच्या. हिने प्रत्येक मुलीला, निवडलेल्या आणि वगळलेल्या, एकेकटीला आत बोलावून दोन-दोन मिनिटं सांगितलं. लेकीच्या मैत्रिणीला वगळलं. तिला म्हणे डाव्या हाताचा ड्रिबल आणि उशिरा परत धावणं, ह्या दोन गोष्टी लिहून दिल्या आणि टीमची मॅनेजर होशील का विचारलं. पोरगी रडलीच, पण चिठ्ठी जपून ठेवली आहे.

नागपुरीकाका, लेअपचं लेकीला विचारलं. म्हणाली, मॅडम बॉलच देत नाहीत आधी, नुसती पावलं टाकायला लावतात, "उजवा, डावा, वर" म्हणत.

नागपुरी_तडका | १० डिसेंबर

पास! आणि काका कोणाले म्हणता? चाळीस नाही झाले अजून.

रानमेवा | २० डिसेंबर

व्हर्सिटीची पहिली मॅच काल झाली. २४ पॉइंटने हरलो. आणि शिट्टी_मास्तर, तुमचा शाप लागला! तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी तिचे चार टाइमआउट संपलेले होते. चौथ्यात पाचवा. दीड मिनिट राहिलं असताना ती परत उभी राहिली, हाताचा टी करायला लागली, तोच गणिताच्या सरांनी मागून तिच्या जॅकेटची बाही ओढली. हो, तेच. जेव्हीही सांभाळतात आणि व्हर्सिटीच्या बाकावर तिच्या शेजारी बसतात. सगळ्या स्टँडने बघितलं. पालकांपैकी एकाने मोठ्याने "आता तुम्हीच चालवा सर" असं ओरडून घेतलं. सरांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

कोपऱ्यातला | २० डिसेंबर

२४ ने. मी काही बोलत नाही.

अंजिरी | २० डिसेंबर

बोललातच की.

शिट्टी_मास्तर | २० डिसेंबर

टेक्निकल वाचला ना? मग शाप लागला नाही, सरांनी उतरवला. स्कोअरबुकला कोण होतं?

रानमेवा | २० डिसेंबर

तेच विचारायला आले होते. एक मुलगा होता, बारावीचा, मध्येच फोन बघत होता. एका मुलीचे चार फाउल झाले असताना त्याने तीन लिहिले, समोरच्यांच्या पुस्तकात चार. रेफरी येऊन दोन्ही पुस्तकं बघत बसला. मॅच झाल्यावर कोचने पालकांना ईमेल पाठवलं आहे, पुस्तकाला कुणी मोठं माणूस बसेल का म्हणून. कुणीच उत्तर दिलं नव्हतं, मी हो म्हणून बसले. मंगळवारी घरच्या मॅचला मीच. आता मला सांगा, टीमचे फाउल क्वार्टरला वेगळे मोजायचे की अर्ध्याला? लेक एक सांगते, नेटवर दुसरंच दिसतं.

शिट्टी_मास्तर | २० डिसेंबर

क्वार्टरला. २०२३-२४ पासून नियम बदलला, नेटवर जुनं असेल. क्वार्टरचा पाचवा फाउल झाला की समोरच्यांना दोन फ्री थ्रो, पुढच्या क्वार्टरला परत शून्यापासून. खेळाडूचे वैयक्तिक फाउल मात्र मॅचभर चालू राहतात, पाचव्याला बाहेर. दोन रंगांची पेनं ठेवा, पहिल्या अर्ध्याला एक, दुसऱ्या अर्ध्याला दुसरं. घरच्या टीमचं पुस्तक अधिकृत असतं, तेव्हा वाद झाला तर रेफरी तुमचंच बघणार. आणि जर्सीचे नंबर आदल्या रात्री नाही, मॅचच्या आधी मुली वॉर्मअपला आल्यावर अंगावर बघून लिहा.

रानमेवा | २० डिसेंबर

दोन रंगांची पेनं. लिहून घेतलं. टाइमआउट कुठे खुणावायचे?

शिट्टी_मास्तर | २० डिसेंबर

पानाच्या वरच्या कोपऱ्यात पाच चौकोन असतात. एकेक खोडत जा, आणि चौथा खोडला की सरांकडे बघा.